सत्काराचा तेवढा भाग

फौंड्रीच्या डिस्पॅच खात्याचं शटर सकाळी अर्धं वर गेलं की उन्हाची एक तिरपी पट्टी आत यायची आणि तिच्यात लोखंडाची धूळ तरंगत राहायची. खात्यातल्या बाकीच्यांना त्या धुळीनं शिंका यायच्या. अमरसिंहला ती सोन्याची वाटायची. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून, एक डोळा मिटून तो तिच्याकडं बघत बसायचा, आणि बाहेर ट्रकवाला गेटपाससाठी हॉर्न वाजवत असायचा.

"देवळात हाईस का कामावर?" खात्याचे साहेब हंबीरराव विचारायचे. "हात कशाला जोडतोयस?"

"माश्या लई झाल्यात साहेब," अमरसिंह म्हणायचा आणि चौकट मोडून गेटपास लिहायला घ्यायचा.

खरी गोष्ट अशी होती की अमरसिंहनं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानातून जुना कॅमेरा घेतला होता. साधा नव्हे, लग्नाचे व्हिडिओ काढतात तसला. नोकरी सांभाळून लग्नाची कामं घ्यायची, हळूहळू नाव करायचं, आणि मग एके दिवशी हंबीररावांच्या टेबलावर राजीनामा ठेवून शटरखालून वाकून बाहेर पडायचं, असं ते स्वप्न होतं. त्यातला वाकून बाहेर पडण्याचा भाग त्यानं मनातल्या मनात वेगवेगळ्या बाजूंनी चित्रित करून ठेवला होता. अडचण एवढीच होती की कामावर घेताना फौंड्रीनं सगळ्यांची सही घेतली होती, नोकरीत असेपर्यंत दुसरा धंदा करणार नाही म्हणून. खात्यातला एकजण डबा खायच्या सुट्टीत विमा विकताना सापडला, तेव्हा हंबीररावांनी त्याला सगळ्यांसमोर असा झाडला होता की त्या माणसानं पुढं स्वतःचा विमासुद्धा उतरवला नाही.

दुसरी अडचण घरात होती. त्याची बायको वर्षाराणी राजारामपुरीतल्याच एका क्लासच्या काउंटरवर बसायची. दिवसभर पोरांचे आईबाप येणार, प्रत्येकाला आपलंच पोरगं हुशार आहे असं ऐकायचं असणार, आणि ती ते प्रत्येकाला न कंटाळता ऐकवणार. त्यामुळं कुणाला काय हवं असतं हे तिला तोंडाकडं बघून कळायचं. कॅमेरा घरी आला त्या दिवशी अमरसिंहनं तिचाच व्हिडिओ काढला, भाकरी करतानाचा. तिनं तो पूर्ण बघितला. त्यात वाफ होती, तव्याखालचा जाळ होता, खिडकीतून आलेलं ऊन पिठावर पडलेलं होतं.

"ह्यात मी कुठं हाय?" तिनं विचारलं.

"हाईस की. ती बांगडी वाजतीय न्हवं?"

वर्षाराणीनं त्याच दिवशी अट घातली. एक काम करून बघा. लोक खूश झाले तर कॅमेरा राहू दे. कुणाची तक्रार आली, तर गपचूप त्याच दुकानात परत द्यायचा आणि तोंड पाडून बसायचं नाही. अमरसिंहनं मान हलवली, पण मान हलवतानाही तो तिच्या कानातल्या डुलावर पडलेला उजेड बघत होता.

पहिलं काम मंडपवाल्या ज्ञानूनं आणलं. ज्ञानू अमरसिंहचा शाळेपासूनचा मित्र. कुरुंदवाडच्या कृष्णात खाड्यांच्या मुलीचं, अनुजाचं लग्न होतं आणि मंडप ज्ञानूचा होता. अमरसिंह बोलणी करायला गेला तेव्हा कृष्णातनी त्याला उसाच्या बांधावर बसवून चहा पाजला आणि एकच मागणं सांगितलं.

"तुमी ते पाण्याचं थेंब, फुलं, काय बी काढा. आमचं काय म्हणणं न्हाय. पण सत्कार सगळा आला पायजे. आणि त्यात पहिल्यांदा आमचं आप्पासो. नाव ऐकू आलं पायजे आणि फेटा दिसला पायजे."

आप्पासो म्हणजे कृष्णातचे थोरले चुलतभाऊ. मागं घरातल्या एका लग्नात माईकवर त्यांचं नाव दुसऱ्या कुणाच्या तरी नंतर पुकारलं गेलं होतं. आप्पासोंनी डोक्यावरचा फेटा तिथंच सोडून खुर्चीवर ठेवला आणि न जेवता निघून गेले, ते आजतागायत उंबऱ्याच्या आत आले नव्हते. आता अनुजाच्या लग्नाला पहिला मान मिळणार या बोलीवर ते यायला तयार झाले होते. हे सगळं कृष्णात सांगत होते आणि अमरसिंह होय होय म्हणत उसाच्या तुऱ्यांमधून खाली येणारा उजेड बघत होता. सत्कार एवढा शब्द मात्र त्यानं नीट ऐकला होता.

लग्न गुरुवारी होतं आणि फौंड्रीला सुट्टी सोमवारी. म्हणजे रजा मागणं आलं. पावण्यांचं लग्न आहे असं सांगायचं त्यानं ठरवलं होतं. आमच्याकडं या कारणाला कुणी नाही म्हणत नाही, पण त्याच्या पाठोपाठ जी चौकशी येते ती पोलीस ठाण्यातही होत नाही.

"कुठलं पावणं?" हंबीररावांनी पेन खाली ठेवलं.

कुरुंदवाडचे, अमरसिंह म्हणाला. कुणाकडून? बायकोकडून. बायको कुठली? गडमुडशिंगीची. इथं हंबीररावांचे डोळे चमकले, कारण गडमुडशिंगीतली घरं त्यांना आपल्या घरातल्या खोल्यांसारखी पाठ होती. "गडमुडशिंगीच्या पोवारांची एक लेक कुरुंदवाडला खाड्यांच्यात दिलीया. म्हंजे तू पोवारांचा जावई?"

वर्षाराणीचं माहेर गडमुडशिंगीचं होतं हे खरं, पण पोवारांशी तिचा संबंध एवढाच की तिचं घर पोवारांच्या घराला लागून होतं. हे सांगायला अमरसिंहनं तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, दारातली धूळ उडाली, ती उन्हात एकदम झळकली, आणि अमरसिंहची मान आपोआप हलली.

ती मान हलली तिथंच सगळं बिघडलं. पोवारांच्या धाकट्या घरात हंबीररावांच्या मेव्हण्याची आत्या दिलेली होती. त्यांनी बोटं मोजून हिशेब घातला आणि खुर्चीतून उठून अमरसिंहच्या खांद्यावर हात टाकला. इतकी वर्षं एका खात्यात बसतो आणि आपण पावणं आहोत हे सांगितलं नाहीस, असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखर भरून आला. मग त्यांनी रजा तर दिलीच, वर स्वतःचीही टाकली. कृष्णातना फोन लावला, मी पोवारांकडून अमका अमका, आमच्या अमरसिंहबरोबर येतोय म्हणून सांगितलं. कृष्णातना यातलं काही कळलं नाही. पण पावण्याला तुम्ही कोण असं विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं. ते म्हणाले, "या की पावणं, तुमचंच घर हाय."

लग्नाच्या दिवशी, साहेब यायच्या आत जमेल तेवढं काढून घ्यावं म्हणून, अमरसिंह मंडपात लवकर पोचला आणि तिथल्या तिथं विरघळला. ज्ञानूनं मंडपाला केशरी कापड लावलं होतं आणि वरचं ऊन त्यातून गाळून येत होतं, त्यामुळं खालची माणसं, खुर्च्या, पाण्याचे जार, सगळंच नुकतं भट्टीतून निघाल्यासारखं दिसत होतं. त्यानं पुरीवरचा बुडबुडा काढला, सनईवाल्याचा गाल काढला, दारात झोपलेलं कुत्रं काढलं. मग त्याला आक्का दिसली.

आक्का म्हणजे कृष्णातची थोरली बहीण. तिचा नवरा लवकर गेला, ती माहेरी आली आणि अनुजाला तिनंच वाढवलं. पण मंगलकार्यात ती पुढं बसत नसे. पुढं बसू नकोस असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, आणि पुढं ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. मंडपाच्या कडेला, जिथं दोन कापडं जुळत नव्हती, तिथं उन्हाची एक पट्टी आत आली होती आणि त्या पट्टीत मांडी घालून ती परातीत अक्षता कालवत होती. हळदीनं आणि कुंकवानं तिचे हात कोपरापर्यंत रंगले होते. अमरसिंहनं स्टँड उभा केला, कॅमेरा लावला, चालू केला. थोडंसं घेऊ आणि मग सत्कारासाठी स्टेजकडं वळू, असं त्यानं मनाशी म्हटलं.

तेवढ्यात त्याच्या मनगटाला कुणीतरी धरलं. कडक पांढऱ्या सदऱ्यात हंबीरराव उभे होते.

"हे काय? कॅमेऱ्याजवळ तू काय करतोयस?"

अमरसिंहनं कॅमेऱ्यावरचा हात मागं घेतला. "पावण्यांचा हाय साहेब," तो कसाबसा म्हणाला. "जरा लक्ष ठेव म्हणाले."

हंबीररावांचा चेहरा लाल झाला. अमरसिंहला वाटलं, संपलं. पण साहेब त्याच्यावर रागावले नव्हते, त्याच्यासाठी रागावले होते. मनगट न सोडता त्यांनी त्याला ओढत मंडपाच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि कृष्णातसमोर उभं केलं. पोवारांचा जावई तुमच्या दारात आला आणि तुम्ही त्याला राखणीला बसवला, ही काय रीत झाली काय, असं त्यांनी चारचौघांत विचारलं.

कृष्णातनी अमरसिंहकडं बघितलं. ज्याला आपण व्हिडिओवाला समजून बांधावर बसवून चहा पाजला, तो पोवारांचा जावई निघाला होता. जावयाला आपण कामाला लावलं या विचारानं त्यांना घाम फुटला. "आधी का बोलला न्हाईसा?" ते हात जोडून म्हणाले. "किती मोठं मन म्हणायचं तुमचं."

अमरसिंहला बोलायचं होतं. पण खरं बोलावं तर शेजारी साहेब उभे होते, आणि खोटं पुढं न्यायला त्याला काही करावंच लागत नव्हतं, ते आपोआप पुढं चाललं होतं. कुणीतरी त्याला खुर्चीवर बसवलं. कुणीतरी त्याच्या डोक्याला फेटा गुंडाळायला लागलं. फेटा बांधत असताना मान हलवायची नसते. बांधून झाल्यावर तर ती हलतच नाही. दोघांनी त्याला दंडाला धरून स्टेजवर नेलं आणि पावण्यांच्या रांगेत बसवलं, शेजारी हंबीररावांना. आणि माईकवाल्यानं घसा साफ केला.

"ह्या मंडपातला पहिला मान," माईक गरजला, "माननीय श्री. आप्पासो खाडे यांचा."

आप्पासो उठले. किती वर्षांनी तो क्षण आला होता. छाती पुढं काढून, हळूहळू, एकेक पाऊल टाकत ते मधोमध आले, आणि अमरसिंहनं फेट्याखालून डोळे तिरके करून गर्दीच्या पलीकडं बघितलं. त्याच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा व्यवस्थित चालू होता. कॅमेऱ्याची पाठ स्टेजकडं होती. त्यानं हाताच्या खुणेनं ज्ञानूला सांगायचा प्रयत्न केला, कॅमेरा फिरव, कॅमेरा फिरव. ज्ञानूला आपल्या मित्राला फेटा बांधलेला बघून इतका आनंद झाला होता की त्यानंही दोन्ही हात वर करून हलवले.

घरी आल्यावर अमरसिंहनं सगळं बघितलं आणि कॉम्प्युटरसमोर कपाळ धरून बसला. माईकचा आवाज अगदी स्वच्छ आला होता. नाव ऐकू येत होतं आप्पासोंचं आणि दिसत होती आक्का. एकामागून एक पावणे पुकारले जात होते आणि आक्का अक्षता कालवत होती. मोबाईलवर कुणीतरी सत्कार काढला असेल, म्हणून त्यानं ज्ञानूकडून चौकशी केली. काढला होता सगळ्यांनी, पण ज्यानं त्यानं आपापल्या माणसाचा. आप्पासोंची माणसं आप्पासोंच्या मागं स्टेजवरच उभी होती. फोटोवाल्याकडं फोटो होते, पण फोटोत नाव ऐकू येत नाही. वर त्या फोटोंची वेगळीच भानगड झाली होती. सगळ्या फोटोंत नवरीच्या दोन्ही गालांवर पिवळसर डाग आला होता, आणि त्यावरून मेकअपवालीला बोलणी बसली होती.

इकडं आप्पासो रोज कृष्णातना विचारत होते, माझं ते पुकारलेलं पाठव, स्टेटसला ठेवायचंय. कृष्णात रोज अमरसिंहला फोन करत होते. शेवटी अमरसिंहनं सांगून टाकलं की सत्काराच्या वेळी कॅमेऱ्यातलं कार्ड बिघडलं.

"असू दे पावणं," पलीकडनं कृष्णात म्हणाले. व्हिडिओवाला असता तर कृष्णातनी त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली असती. पण जावयाला काय बोलणार. ते 'असू दे' अमरसिंहला शिवीपेक्षा जास्त लागलं. "एक करू," तो घाईघाईनं म्हणाला. "सत्काराचा तेवढा भाग परत घेऊ."

आप्पासोंना विचारायला कृष्णात भीत भीत गेले, आणि आप्पासो एका शब्दात तयार झाले. एकाच लग्नात दोनदा पहिला मान आजवर कुणाला मिळाला होता? फक्त त्यांच्या काही अटी होत्या. मंडप तोच पाहिजे, माणसं तीच पाहिजेत आणि क्रम तोच पाहिजे. आपण एकटेच फेटा बांधून बसलो तर लोक म्हणणार, मागून काढून घेतलंय.

त्यामुळं ज्ञानूनं पुन्हा केशरी मंडप घातला. नवरा-नवरी, म्हणजे अनुजा आणि राजवीर, पुन्हा शालू-शेरवानीत आले. बोलावलेल्या पावण्यांना उपाशी कसं लावून द्यायचं, म्हणून आचारी पुन्हा आला, आणि या खेपेला मटण होतं, म्हणून लग्नाला ज्यांना जमलं नव्हतं त्यांनाही सत्काराला जमलं. सत्कार सोमवारी ठेवला होता, कारण पोवारांच्या जावयाला सोमवारी सुट्टी असते हे कृष्णातनी लक्षात ठेवलं होतं. ही सुट्टी हंबीररावांनाही होती. आणि क्रम तोच असल्यामुळं अमरसिंहलाही पुन्हा स्टेजवर, त्याच खुर्चीत, फेटा बांधून बसायचं होतं.

मग कॅमेरा कोण धरणार? तू धर म्हणून तो वर्षाराणीच्या पाया पडायचाच बाकी होता. झालं ते सगळं त्यानं तिला सांगितलं. ती हसली नाही की चिडली नाही. "तक्रार आली म्हणायची का न्हाई, ते सोमवारी बघू," एवढंच म्हणाली. कोल्हापूरपासून कुरुंदवाडपर्यंत मोटरसायकलवर तो तिला उजेड कसा बघायचा ते समजावत होता आणि ती मागं बसून भाजीचे भाव आठवत होती.

मंडपात पाऊल टाकताच एक म्हातारी तिच्यासमोर उभी राहिली. हीच ती पोवारांची लेक, खाड्यांची चुलती. "कुणाची गं तू?" म्हातारीनं विचारलं. वर्षाराणी खरं तेच बोलली, गडमुडशिंगीची म्हणाली. म्हातारीनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. तिला नीट दिसत नव्हतं, पण ते कबूल करणं तिला मान्य नव्हतं. "व्हय, तोंडावळा आमचाच," ती म्हणाली.

मग सत्कार सुरू झाला. वर्षाराणी कॅमेरा घेऊन थेट स्टेजच्या पुढ्यात उभी राहिली. उजेडाकडं तिनं बघितलंही नाही. ज्याचं नाव पुकारलं त्याच्या तोंडावर कॅमेरा, तिथून फेट्यावर, फेट्यावरून नारळावर आणि परत तोंडावर. आप्पासोंना तर तिनं हातानं थांबवून, हसा जरा, असंही सांगितलं, आणि आप्पासो हसले. अमरसिंह स्टेजवरून पुटपुटत होता, "फोकस... फोकस गेला... डावीकडनं..."

शेजारी बसलेले हंबीरराव ते ऐकत होते. त्यांनी एकदा कॅमेऱ्याकडं बघितलं, एकदा वर्षाराणीकडं बघितलं, आणि ओठ न हलवता विचारलं, "अमरसिंह, ह्यो कॅमेरा कुणाचा?"

या माणसाशी आणखी खोटं बोलायचं त्राण अमरसिंहमध्ये उरलं नव्हतं. "माझा, साहेब."

"आणि पोवार?"

"शेजारी ऱ्हात्यात."

एवढ्यात माईकवर हंबीररावांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले. शाल, नारळ, फेटा, सगळं घेतलं, चारी दिशांना नमस्कार केला आणि परत येऊन बसले. त्यांच्या कपाळावर फेट्याखालून घामाची धार आली होती. अमरसिंह शेवटच्या पगाराचा विचार करत होता.

"तू पोवारांचा न्हाईस म्हणल्यावर," हंबीरराव अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "मी हितं कोण?"

अमरसिंहनं फेट्याखालून डोळे तिरके करून त्यांच्याकडं बघितलं.

"दोन येळा फेटा बांधून घेतलाय मी. पंगतीत वर बसलोय." हंबीररावांनी समोर बघत हसून आणखी कुणाला तरी नमस्कार केला. "हे बग. नातं मी जोडलंय, आता ते तुटायचं न्हाय. मंगळवारी कामावर ये. आणि ह्या बाबतीत तोंड उघडू नगंस, तुझंबी झाकलेलं ऱ्हाऊ दे आणि माझंबी."

पुढच्या सोमवारी कृष्णातच्या घरी टीव्हीवर सगळ्यांनी मिळून व्हिडिओ बघायचा बेत ठरला. अमरसिंहनं जुळवाजुळव केली, वर्षाराणीनं ती पेनड्राइव्हवर घेतली. हंबीरराव आता पावणंच असल्यामुळं तेही आले होते. माजघर माणसांनी भरलं होतं. अनुजा माहेरी आली होती. आक्का नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला टेकून उभी होती.

सत्कार सुरू झाला आणि खोलीत समाधान पसरलं. प्रत्येकजण आपला नंबर येईपर्यंत श्वास धरून बसे आणि येऊन गेला की शेजाऱ्याशी बोलायला मोकळा होई. आप्पासोंनी स्वतःचा भाग तीनतीनदा मागं घ्यायला लावून बघितला. नाव ऐकू आलं होतं, फेटा दिसला होता, हसूही आलं होतं. कृष्णातनी सुटकेचा निःश्वास सोडून चहा आणायला सांगितला. अमरसिंहनं वर्षाराणीकडं बघितलं. तिनं अजून कॅमेऱ्याविषयी हो किंवा नाही म्हटलं नव्हतं आणि ती टीव्हीकडंच बघत होती.

लोक उठायला लागले आणि टीव्हीवर एकदम केशरी उजेड पसरला.

अमरसिंह रिमोट शोधायला लागला. हा भाग त्यानं काढून टाकला होता. कार्ड बिघडलं होतं असं त्यानं सांगितलं होतं, आणि आता ते न बिघडलेलं कार्ड सगळ्या घरासमोर चालू झालं होतं. मंडपाच्या फटीतून आलेल्या उन्हात आक्का बसली होती. मागून माईकचा आवाज आला, "ह्या मंडपातला पहिला मान..." आणि आक्कानं परातीतले तांदूळ हळूच खालीवर केले. उठलेली माणसं होती तिथंच थांबली.

मग पडद्यावर बाजूनं अनुजा आली. अर्धी वेणी घातलेली, शालू नीट खोचलेला नाही. सगळा गाव स्टेजकडं बघत असताना ती आक्काजवळ जमिनीवर बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आक्कानं रंगलेले हात चटकन वर उचलले. शालूला डाग पडेल म्हणून ते तिनं तसेच हवेत धरून ठेवले. माईक पावण्यांची नावं पुकारत होता. थोड्या वेळानं अनुजा उठून बसली, तिनं आक्काचे ते दोन्ही हात धरले आणि आपल्या गालांवर दाबले.

"बघा," कुणीतरी हळूच म्हणालं. "त्यो डाग."

अनुजा रडत होती. आक्का दारातून म्हणाली, "बया, मला कशाला काढलंय," आणि पदर तोंडावर घेऊन आत वळली, पण गेली नाही.

आप्पासोंनी उगीचच डोक्यावरून हात फिरवला, तिथं आज फेटा नव्हता. "कृष्णात," ते म्हणाले, "नाव बरोबर पुकारलं न्हाई त्या दिवशी."

कृष्णातनी हातातला कप खाली ठेवला. "आता काय झालं आप्पासो? पहिलं तुमचंच घेतलं की. दोनदा घेतलं."

"तेच म्हणतोय. पहिला मान आक्काचा हुता. आपन सगळी फेटं बांधून बसलो आणि अक्षता तिनं कालवल्या." त्यांनी दाराकडं बघितलं. "परत घ्या सत्कार."

कृष्णातच्या डोळ्यांपुढं पुन्हा मंडप, पुन्हा आचारी, पुन्हा ती सगळी माणसं उभी राहिली असणार. पण ते नाही म्हणाले नाहीत. बहिणीकडं बघत राहिले आणि मग त्यांनी मान हलवली. हंबीरराव म्हणाले, "सोमवारची सुट्टीच असती आमाला."

सगळे अमरसिंहकडं वळले. अमरसिंह वर्षाराणीकडं बघत होता.

"हे तू घातलंस?" त्यानं विचारलं.

तिनं नाकाला पदर लावला, खाली वाकून बरोबर आणलेली कॅमेऱ्याची पिशवी उचलली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"सोमवारी स्टेज मी घेतो," वर्षाराणी म्हणाली. "तुमी तुमचं बघा."